बंदर आणि बंडी

यवतमाळात उभे राहून बंदराविषयी बोलणे म्हणजे कोरड्या विहिरीच्या काठावर पोहणे शिकविण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. समुद्र आपल्यापासून शेकडो कोस दूर. आपल्या खेड्यांतील कित्येक म्हाताऱ्यांनी तो जन्मात पाहिलेला नाही. तथापि गेल्या दीडशे वर्षांचा जिल्ह्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यात मुंबई बंदराला पहिले प्रकरण द्यावे लागेल, असे आमचे मत आहे. बाजारात कापसाची बंडी सुटते तिथेच बंदर सुरू होते.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडच्या कापसाला बंदर जवळ नव्हते. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जात आणि तेथून माल नावेने कलकत्त्याला पोहोचे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यामागे या काळ्या जमिनीतील कापसाचा मोहही होता. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. ज्या आखूड धाग्याच्या कापसाला तिथला विणकर नाक मुरडत असे, त्याला एकाएकी सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. ज्या युद्धाचे नावही आपल्या शेतकऱ्याने ऐकले नव्हते, त्या युद्धाने त्याचा भाव चढविला आणि पाडलाही. बंदराचा हा पहिला धडा होय.

यानंतर बंदराचे हात लांबत गेले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने विलायतेशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता आठवड्यांनी नव्हे, तासांच्या हिशोबाने कळू लागला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा अशा गोद्या बांधल्या गेल्या. पूर्वेकडेही वाट उघडली. विलायती कंपनीच्या जहाजभाड्याला कंटाळून जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीशी हात मिळविला आणि १८९३ मध्ये मुंबई-कोबे बोटी सुरू झाल्या. आपला कापूस आता सिंगापूर-हाँगकाँगच्या मार्गाने जपानी गिरण्यांकडे जाऊ लागला.

आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी, आपली शकुंतला, धावू लागली. तिला आपण कौतुकाने लेकीचे नाव दिले. वास्तविक ती कापसासाठी घातलेली गाडी होती. सुमारे ११३ किलोमीटर चालून ती मूर्तिजापूरला पोहोचे. तिथे रूळ बदलत, म्हणून गाठी हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीत चढत. इतिहासाच्या पुस्तकात गाडीचे नाव आहे, कंपनीचे आहे. त्या पाठींचे नाही.

या वैभवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जिथे ज्वारी डुलत होती तिथे पऱ्हाटी उभी राहिली. पण कापूस खाऊन पोट भरत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात, जगभर गाठी धाडणाऱ्या याच वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली. त्यांच्यापर्यंत रूळ होते, तार होती. धान्य विकत घ्यायला पैसा मात्र नव्हता.

आता दोराच्या दुसऱ्या टोकाकडे, गोदीकडे वळू. तिथे घाटावरचा, कोकणातला माणूस रोज सकाळी फाटकाशी उभा राही. टोळीवाला बोट दाखवील तो कामावर, बाकीचे उपाशी परत. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाला आग लागली. त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता आणि कराचीहून चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. आगीशेजारी कापूस आणि कापसाशेजारी दारूगोळा! दोन स्फोटांत किती माणसे गेली याचे अंदाज ८०० पासून १३०० पर्यंत आहेत. ज्यांची नोंदच नाही अशा रोजंदारी माणसांची मोजदाद कोण करणार?

पण हाच गोदीकामगार पुढे एकत्र उभा राहिला. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी त्याला संघटनेत आणले. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, १९५१ मध्ये मुंबईसाठी योजना आली. नाव नोंदले गेले, पाळी ठरली आणि काम न मिळाल्या दिवशीही हजेरीचे पैसे मिळू लागले. १९६९ मध्ये अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून माथाडी कायदा झाला. ज्याची हजेरी नव्हती त्याला रजा आणि भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. हे कोणी बक्षीस दिले नाही.

तरी येथे थांबून पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले; लोखंडी पेट्या आल्या, त्या उचलायला यंत्रे आली आणि जुन्या गोदीतील हजारो हातांचे काम सरले. शकुंतलाही थांबली. बंदराने ज्यांना जवळ केले त्यांना दूरही केले.

शेतकऱ्याचे काय? बंदराचा दरवाजा दोन्हीकडे उघडतो, हे त्याला २०२५ मध्ये पुन्हा समजले. कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत उठविण्यात आले. आपली बोंडे फुटण्याच्या सुमारास परदेशी रुईला वाट मोकळी झाली. गिरणीवाल्याला स्वस्त रुई हवी, तिथल्या कामगाराची भाकरीही तिच्यावर आहे. हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ह्या निर्णयाच्या वेळी पऱ्हाटी वेचणाऱ्या बाईला विचारणारे कोण होते?

१८६५ आणि २०२५ यांत फरक इतकाच की तेव्हा आपल्याला कारण ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. गोदीतील माणूस फाटकाशी एकटा उभा होता तोवर टोळीवाल्याचे बोट हाच त्याचा कायदा होता. तो शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला तेव्हा कायदा बदलला. आपल्या बंड्या मात्र अजून बाजारात एकेकट्याच सुटतात. बंदराचा हिशोब वाचायला शिकणे आणि तो एकत्र बसून वाचणे, एवढे तरी या इतिहासाने आपल्याला शिकवावे.