दह्याच्या समुद्रापासून ब्राझीलपर्यंत

खाऱ्या पाण्याचा समुद्र संपला की उसाच्या रसाचा, त्यापलीकडे मद्याचा, मग तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि सर्वांत शेवटी गोड्या पाण्याचा. दोन समुद्रांच्या मध्ये एकेक द्वीप, मधोमध जंबुद्वीप आणि त्याच्याही मधोमध सोन्याचा मेरू. दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी मुलाच्या कानावर कथा-कीर्तनातून पडलेली पृथ्वी ही अशी होती. पंतोजींच्या शाळेत भूगोल नावाचा विषय नव्हता. तिथे धुळाक्षरे, मोडी, पाढे, पावकी-निमकी आणि हिशेब. गावाबाहेरचे जग कळायचे ते यात्रेकरू, बैरागी, लमाण आणि लष्करातून परतलेल्या शिपाईगड्यांच्या तोंडून.

मराठीतला नवा भूगोल पुण्या-मुंबईआधी तंजावरात दिसतो, आणि तोही पायांत घुंगरू बांधून. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) हे श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकलेले. १७९८ साली गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने राज्याचा कारभार काढून घेतला. राजाकडे उरला किल्ला, तनखा आणि भरपूर वेळ. तो त्यांनी ग्रंथ, नकाशे, पृथ्वीगोल, शल्यक्रियेची हत्यारे आणि छापखाना जमवण्यात घालवला. ‘नवविद्या’ शिकवणाऱ्या शाळा काढल्या. पण आपल्याला इथे हवे आहे ते त्यांचे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक.

कुरवंजी हा मुळात तमिळ नाट्यप्रकार. विरहाने झुरणाऱ्या नायिकेकडे डोंगरातली भविष्य सांगणारी बाई, म्हणजे कुरवंजी, येते, हात बघते, भविष्य सांगते आणि त्याआधी आपण कुठले कुठले मुलूख पालथे घातले याची ऐट मिरवते. सरफोजींनी नेमकी ही ऐट हेरली. त्यांची कुरवंजी इंद्राणीपुढे उभी राहते आणि चार डोंगर, दोन नद्या सांगून थांबत नाही. युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, त्यांतले देश आणि शहरे यांची वर्णने ती गाऊन सांगते. ग्रहमालेत सूर्य मधे आणि पृथ्वी त्याच्याभोवती, हेही तिच्याच तोंडून येते. देवांच्या राणीला भूगोल शिकवणारी बाई रानातली, भटकी. ज्याने पाहिले त्याने सांगावे, हा शिरस्ता राजाने मोडला नाही. पाठांतरासाठी चाल लावलेला मजकूर किती सोयीचा, हे पाढे म्हणणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

तंजावर तसे मराठी मुलखापासून दूर. पुराणांतली पृथ्वी आणि नवा भूगोल यांची खरी खडाजंगी उडाली ती सिहोरला.

भोपाळजवळच्या सिहोरच्या छावणीत लान्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. तिथल्या पाठशाळेत त्याने जो मार्ग धरला तो आजच्या शिक्षकानेही समजून घ्यावा असा आहे. विद्यार्थ्यांपुढे एकदम कोपर्निकस ठेवला तर ते साहेबाचे शास्त्र म्हणून झिडकारतील, हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याने आधी भास्कराचार्य उघडले. ११५० सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वी गोल आहे, निराधार आहे आणि तिचा परीघ ४९६७ योजने आहे. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर. आजच्या नकाशात ती तेवीस अंशांच्या जरा वर आहे. हिशेब फारसा चुकलेला नाही.

भास्कराचार्यांची खरी मौज युक्तिवादात आहे. पृथ्वी सपाट दिसते कारण परिघाचा अगदी लहान तुकडाच एका वेळी आपल्या नजरेत येतो. पृथ्वीला आधार लागतो म्हणाल, तर त्या आधाराला आधार कोणाचा? आणि सूर्य मेरूआड गेल्याने रात्र होत असेल, तर एवढा सोन्याचा डोंगर आपल्याला मधे दिसत का नाही? हे प्रश्न आजच्या नववीच्या वर्गात टाकून पाहावेत, तास संपल्याची घंटा ऐकू येणार नाही.

विल्किन्सनच्या हाताखालचे सुबाजी बापू हे मराठी पंडित. १८३६ साली त्यांचा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ आला. त्यात पुराणांचे मत, सिद्धांतग्रंथांचे मत आणि कोपर्निकसचे मत शेजारी शेजारी मांडून पुराणांचा भूगोल टिकत नाही, असा निवाडा दिलेला आहे. पुण्यातल्या शास्त्रीमंडळींना हे झोंबले. ‘अविरोधप्रकाश’ नावाचे उत्तर निघाले. पुराणे आणि सिद्धांत यांत विरोध नाहीच, असे त्याचे म्हणणे नावातच आहे. सुबाजी बापूंनी त्यालाही ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून प्रत्युत्तर दिले. पृथ्वीच्या आकारावरून मराठी माणसे ग्रंथांनी भांडली, आणि भांडता भांडता दोन्ही बाजूंना सगळा भूगोल नव्याने वाचावा लागला.

याच सिहोरात पुण्यात जन्मलेला एक हुशार मुलगा शिकून गेला. त्याला नागपुराहून विल्किन्सननेच आणले होते. हेच पुढे काशीच्या संस्कृत कॉलेजात नावाजलेले बापूदेव शास्त्री. विल्किन्सन १८४१ साली वारला. त्याने केलेले ‘सिद्धांतशिरोमणी’तल्या गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासले आणि ते १८६१ साली कलकत्त्याला छापले गेले.

मुंबईत काम वेगळ्या चालीने चालले होते. १८२२ साली तिथे शाळापुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली आणि गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या पाठिंब्याने मराठी पुस्तके छापून निघू लागली. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘भूगोलविद्या गणितभाग’ लिहिला. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण अक्षांश-रेखांश मराठीत समजावून सांगणारे मास्तरही ते होतेच. या पिढीने शब्दांची जी घडण केली तिचे ऋण आपण विसरलो आहोत. अक्ष, विषुव, कर्क, मकर हे सिद्धांतज्योतिषातले शब्द अक्षांश, विषुववृत्त, कर्कवृत्त, मकरवृत्त होऊन शाळेत आले. द्वीपकल्प, सामुद्रधुनी, संयोगभूमी यांची जडणघडणही संस्कृतच. विषयाचे नावच बघा ना: भू अधिक गोल. सिहोरच्या वादाचा निकाल शब्दातच लागलेला आहे.

१८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले आणि वादाची जागा वेळापत्रकाने घेतली. खात्याच्या दृष्टीने ती सोयच होती. शेकडो शाळा, थोडे शिकलेले मास्तर, वर्षातून एकदा येणारा तपासनीस. तपासायला सोपे काय? नावे. राजधान्या, नद्यांची उगमस्थाने, बंदरे, डोंगरांची उंची. बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग, हे न अडखळता म्हणणारा मुलगा हुशार ठरला, मग त्याने कधी ओढ्यातले बेटही पाहिलेले नसो. इतिहास आणि भूगोल यांची जोडगोळी तेव्हापासून जी बांधली गेली, ती सुटलेलीच नाही. दहावीत आजही दोघांचे चाळीस-चाळीस गुण एकाच विषयाच्या खाती पडतात.

एक चांगली रीत मात्र त्या काळाने दिली. आधी आपला गाव, मग तालुका, जिल्हा, इलाखा, देश आणि मग जग, अशी पायरीपायरीने चढण. जिल्ह्याच्या भूगोलाची वेगळी पुस्तके निघाली. तिसरीच्या मुलाच्या हाती आपापल्या जिल्ह्याचे पुस्तक देण्याची बालभारतीची पद्धत याच वंशातली.

आणि नकाशा? तो भिंतीवर आला आणि भिंतीचाच होऊन राहिला. वर-खाली लाकडी दांडी, मागे कापड, गुंडाळून कपाटावर ठेवलेला. १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे २६ होते. १९८१ साली सिंधुदुर्ग आणि जालना आले, मग आणखी काही झाले, २०१४ साली पालघर आला आणि संख्या ३६ झाली. शाळेतला नकाशा इतक्या लगबगीने कुठला बदलायला! रत्नागिरी थेट गोव्याला भिडलेली दाखवणारे नकाशे सिंधुदुर्ग होऊन कितीतरी वर्षे लोटली तरी टांगलेले असत. मुलांचा नकाशाशी खरा संबंध यायचा तो प्लास्टिकच्या स्टेन्सिलमधून. पेन्सिल खाचेतून फिरवली की भारत उमटला. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत स्टेन्सिल वापरायची मुभा छापलेलीच असते. त्या रेषेत मुंबई हाय, थरचे वाळवंट आणि चिल्का सरोवर अचूक भरणारी मुले पुष्कळ. पण आपल्या शाळेचे दार कोणत्या दिशेला उघडते, असे विचारले तर वर्ग एकमेकांकडे बघतो.

२०१८ साली दहावीचे पुस्तक बदलले, तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या. सगळे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोनच देशांचे. पोरांना ब्राझील कशाला, असे पालक विचारत होते. पुस्तकाची सुरुवात मात्र क्षेत्रभेटीने होते. नळदुर्गच्या शाळेतली मुले अलिबागला निघतात आणि वाटेत जमीन, पिके, घाट, हवा कशी बदलत जाते ते टिपत जातात. मग ब्राझील येतो. किनाऱ्यालगतची उच्चभूमी वारा अडवते आणि तिच्या पलीकडे पावसाचा तुटवडा असलेला ‘अवर्षण चतुष्कोन’ पसरतो, असे वाचताना माण-खटावच्या मुलाला सह्याद्रीपलीकडचा आपला दुष्काळ आठवला तर धडा शिकवून झाला. तुलना करायची म्हणजे कारण विचारावे लागते. सुबाजी बापूंनी तीन मते शेजारी मांडली होती, या पुस्तकाने दोन देश मांडले आहेत. परीक्षेतले प्रश्न तेवढे अजून बरेचसे जुन्या वळणाचे आहेत.

या पुस्तकावरची दुसरी बोर्डाची परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. भूगोलाचा पेपर नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी, २३ मार्चला ठेवला होता. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. राज्यातल्या सुमारे १७ लाख मुलांना भूगोलाचे गुण मिळाले ते बाकीच्या विषयांची सरासरी काढून.