एक्सेलला ठाऊक नसलेलं शतक

पीएच.डी. होईपर्यंत मला एक्सेल येत नव्हतं. इतिहासवाल्यांना लागतं काय, तर वही, पेन्सिल आणि अभिलेखागारातल्या थंडीसाठी स्वेटर. पोस्टडॉकसाठी लंडनला आले तेव्हा विषय होता मुंबईचा प्लेग, आणि त्याच्या सरकारी अहवालांत मजकुराइतकेच तक्ते: आठवडा, विभाग, मृत्यू. वही पुरेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने पहिला धडा दिला: एका ओळीत एकच नोंद, एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती. म्हणजे आपली कीर्दच की, असं म्हणून मी निर्धास्त झाले.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. तिथपासून १९०० पर्यंतचे आठवडे मी भरत गेले. मग तारखांचा क्रम लावला, आलेख काढला आणि विभागाच्या बैठकीत पडद्यावर दाखवला. मागच्या रांगेतून कुणीतरी शांतपणे विचारलं, "तुमचा प्लेग १९०० मध्ये सुरू होऊन १८९६ मध्ये संपतो का?"

चूक माझीच होती, मी नजर टाकली नव्हती. खूण तर समोरच होती. १९०० च्या तारखा चौकटीत उजवीकडे सरकून बसल्या होत्या, आधीच्या सगळ्या डावीकडे. मला ती सजावट वाटली. वास्तविक एक्सेलमध्ये तारीख म्हणजे एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, पुढच्या प्रत्येक दिवसाला एक वाढवायचा. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे १७३९४. त्याआधीचा दिवसच तिथे नाही. १८९७ ची तारीख लिहिली की तो नुसता मजकूर समजला जातो. क्रम लावताना आधी आकडे येतात, मग मजकूर, आणि तोही अक्षरक्रमाने. त्यामुळे सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एका गठ्ठ्यात, मग सगळ्या २ तारखा.

असं का, ते कळायला या तक्त्यांचा जन्म पाहावा लागतो. १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी डॅन ब्रिकलिन याला ही कल्पना सुचली: एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत. बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने केलेलं व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये ॲपल टू संगणकावर आलं. विचार होता पुढच्या वर्षीच्या विक्रीचा, नफ्याचा. गेल्या शतकातले मृत्यू मोजायला ते कुणी बनवलंच नव्हतं.

पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं. त्यात १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. ते नव्हतं, शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. पण लोटसच्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक मुद्दाम ठेवली. म्हणून एक्सेलमध्ये आजही २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उजाडलेला दिवस सापडतो, आणि त्याआधीच्या दोन महिन्यांचे वार एका दिवसाने चुकतात. १ जानेवारी १९०० ला सोमवार होता. एक्सेल रविवार म्हणतं. आठवड्यांनी मोजलेल्या साथीत हे लहानसहान नाही.

आता मी साल, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने ठेवते. अहवालात छापलेली तारीख चौथ्या रकान्यात, मजकूर म्हणून, तिला हात लावायचा नाही. लिब्रेऑफिसला १९०० आधीच्या तारखा कळतात, पण फाइल शेवटी कुणाच्या तरी एक्सेलमध्ये उघडतेच. अमेरिकेतल्या वाचकांना एक जास्तीचा इशारा: तिकडच्या मांडणीत ५/१०/१९०० लिहिलं तर ५ ऑक्टोबरचा १० मे होतो, आणि कुणी चूं करत नाही.

शिवाय प्रत्येक फाइलमध्ये मला पाठ असलेल्या दोन तारखा पडताळणीसाठी घालते. १० मार्च १८९७, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या तो दिवस, आणि २२ जून १८९७, रँडवर गोळी झाडली गेली तो. क्रम लावला की आधी या दोन ओळी शोधते. त्या जागेवर असल्या तरच आलेख काढते.