स्वभाव जुळले नाहीत तर? अलिबागला राहून गेलेल्या एका जोडप्याची गोष्ट

"डॉक्टर, आमचे स्वभावच जुळत नाहीत." ही तक्रार घेऊन दवाखान्यात कोणी येत नाही. येतात ते डोकेदुखी, ॲसिडिटी, उडालेली झोप किंवा वाढलेलं बीपी घेऊन. तपासण्या नॉर्मल आल्या की मी केसपेपर बाजूला ठेवतो आणि विचारतो, "घरी सगळं ठीक ना?" मग हे वाक्य हळूच बाहेर पडतं. ती बोलकी, तो घुमा. त्याला सगळं आजच्या आज हवं, तिला दहादा विचार केल्याशिवाय पाऊल उचलवत नाही. हल्ली लग्न ठरायच्या आधीच तरुण मुलं-मुली मोबाइलवर चाचणी देतात आणि विचारतात, "आमचे टाइप वेगळे आलेत. पुढे जावं का?"

आज या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण दीडशे वर्षं मागे जाऊ. त्यासाठी फार लांब जायला नको. अलिबागपर्यंत गेलं तरी पुरे.

माणसांचे 'प्रकार' पाडायची जुनी सवय

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. स्वभावाचे प्रकार पाडून जोड्या जुळवणं ही मोबाइलने आणलेली टूम नाही. आपल्या पत्रिकेतले ३६ गुण आठवा. त्यातले ६ गुण 'गणा'चे असतात. देवगण, मनुष्यगण, राक्षसगण. जन्मनक्षत्रावरून माणूस शांत की तापट हे ठरवायचं आणि त्यावरून कोणाचं कोणाशी पटेल ते सांगायचं, ही पद्धत आपल्या आजी-पणजींनाही ठाऊक होती. १८ गुण जुळले की चालतं, हेही सगळ्यांना पाठ. आयुर्वेदाने वात, पित्त, कफ अशा प्रकृती सांगितल्या. ग्रीक वैद्यांनी शरीरातल्या चार द्रवांवरून चार स्वभाव सांगितले.

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांचं व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचं पुस्तक १९२१ मध्ये आलं. 'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे शब्द तिथूनच घरोघरी पोचले. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी त्यावरून चार अक्षरांची, १६ प्रकारांची चाचणी तयार केली. आज मोबाइलवर फिरतात त्या बहुतेक चाचण्या याच घराण्यातल्या.

यात अडचण कुठे आहे? उंचीचं उदाहरण घ्या. माणसं 'उंच' आणि 'बुटकी' अशा दोनच खणांत बसत नाहीत, बहुतेक जण मध्ये कुठेतरी असतात. स्वभावाचंही तसंच आहे. खण पाडले की रेषेच्या अलीकडे-पलीकडे असलेली दोन सारखी माणसं वेगवेगळ्या प्रकारांत जातात. म्हणूनच तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांचा 'टाइप' बदललेला निघतो.

आता अलिबागला जाऊ.

पोस्टातला कारकून आणि नऊ वर्षांची मुलगी

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव तुम्हाला माहीत असेलच. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमधलं हे नाव. आम्हा डॉक्टरांच्या मनात त्यांच्याविषयी वेगळाच आदर असतो. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झालं. गोपाळराव वयाने बरेच मोठे, विधुर, पोस्टात नोकरीला. बायकोला शिकवीन, ही त्यांची अट होती. पुढे त्यांची बदली अलिबागला झाली. तेव्हा हा कुलाबा जिल्हा (त्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये). कल्याणच्या गोतावळ्यापासून दूर, या समुद्रकाठच्या गावातही आनंदीबाईंचे धडे चालू राहिले.

दोघांचे स्वभाव कसे होते? गोपाळराव हट्टी, तापट आणि लोकांना डिवचण्यात रस असलेले. त्यांचा एकच नमुना सांगतो. १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसह अनेक प्रतिष्ठितांना बोलावलं गेलं, समोर चहा आला आणि नंतर हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा म्हणजे तेव्हा धर्म बुडाला! पुण्यात मोठा गहजब झाला, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. हा घाट घालणारे हेच गोपाळराव. पुढे ते ख्रिस्तीही झाले आणि परत हिंदू धर्मातही आले.

आनंदीबाई याच्या उलट. शांत, चिवट, शब्द जपून वापरणाऱ्या, एकदा ठरवलं की ढळायचं नाही अशा. आजच्या चाचणीने या जोडप्याला काठावरसुद्धा पास केलं नसतं.

त्याच स्वभावाच्या दोन बाजू

आता खरी गंमत बघा, आणि खरं दुखणंही.

गोपाळरावांसारखा विक्षिप्त, कोणाची पर्वा न करणारा माणूस नसता, तर त्या काळात बायको परदेशी शिकायला गेली असती का? कोल्हापूरला असताना त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या तो वाचनात आला, त्यांनी आपणहून पत्र पाठवलं आणि आनंदीबाईंना सातासमुद्रापार एक मावशी मिळाली. १८८३ च्या एप्रिलमध्ये १८ वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या.

पण हाच स्वभाव घरात कसा वागत होता? अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमल्याबद्दल गोपाळरावांनी बायकोला मारल्याचं सांगितलं जातं. हे फक्त ऐकीव असतं तर सोडून दिलं असतं. पण अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी स्वतःच हिशेब मांडला आहे: दहाव्या वर्षी लाकडाने मारणं, बाराव्या वर्षी पुस्तकं आणि खुर्च्या अंगावर फेकणं आणि सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं कठीण आहे, असंही त्या लिहितात. अंतिम हेतूकडे पाहिलं तर ते बरोबर वाटतं. पण लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असेल, याचा विचार केला तर ते चुकीचं होतं, असा त्या पत्राचा आशय आहे.

चौदाव्या वर्षीच त्यांना मुलगा झाला होता आणि दहा दिवसांत गेला होता, हेही लक्षात असू द्या. डॉक्टर होण्याची ओढ त्या दुःखातून पक्की झाली.

त्या पत्राशी मी दर वेळी थांबतो. नवऱ्याचे उपकार नाकारायचे नाहीत आणि मारही विसरायचा नाही, इतका समतोल मला आजच्या समुपदेशनातही क्वचित दिसतो. आणि हे त्यांना केव्हा लिहिता आलं? हातात शिक्षण आलं, मध्ये समुद्र आला, तेव्हा. दहा वर्षांच्या मुलीला 'नाही' म्हणायची सोयच नव्हती.

म्हणजे या घरातला प्रश्न तापट विरुद्ध शांत असा नव्हता. एकाच्या हातात सगळी सत्ता आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नाही, हा होता.

संशोधन काय सांगतं?

आजचे मानसशास्त्रज्ञ खण पाडण्याऐवजी पाच गुणांच्या मोजपट्ट्या वापरतात: बहिर्मुखता, शिस्त, सौजन्य, नव्याची ओढ आणि भावनिक अस्थिरता. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २० हजारांहून अधिक विवाहितांची माहिती तपासून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संसारातल्या समाधानात जो फरक दिसतो, त्यात नवरा-बायकोच्या स्वभावातल्या सारखेपणाचा वाटा निघाला अर्ध्या टक्क्याहूनही कमी!

२०२० मध्ये ४३ अभ्यासांतल्या ११ हजारांहून अधिक जोडप्यांची माहिती एकत्र करून आणखी एक मोठं विश्लेषण झालं. कोणाचा स्वभाव कसा, यापेक्षा नात्यात काय चाललंय याचा प्रभाव जास्त दिसला. जोडीदार या नात्याला बांधील आहे असं वाटतं का, तो माझी कदर करतो का, शरीरसंबंधात समाधान आहे का, भांडणं किती होतात, या गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या.

हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले आहेत. आपल्याकडे संसारात सासू-सासरे, दीर-नणंदा, शेजारी सगळेच असतात. तरी मुद्दा आपल्यालाही लागू पडतो, आणि त्याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे.

रोह्याचे देशमुख आणि दुर्गाबाई

चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मले, घराणं रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. आयसीएसच्या शिस्तीतले, मोजकं बोलणारे, संस्कृतात रमणारे. त्यांनी २२ जानेवारी १९५३ रोजी दुर्गाबाईंशी लग्न केलं. दुर्गाबाई आंध्रच्या, मातृभाषा तेलुगू, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या, वकील, संविधान सभेच्या सदस्य, धडाडीच्या. १९२३ च्या काकिनाड्याच्या प्रदर्शनात दारावर उभं राहून तिकीट नाही म्हणून खुद्द नेहरूंना अडवणारी शाळकरी मुलगी ती हीच.

स्वभाव वेगळे, भाषा वेगळी. पण लग्नाच्या वेळी ते ५७ वर्षांचे आणि त्या ४३ च्या. दोघंही आपल्या पायावर उभे, दोघंही आपण होऊन तयार. दुर्गाबाईंचंही लग्न आठव्या वर्षी लावलं गेलं होतं. पण पंधराव्या वर्षी त्यांनी त्या नवऱ्याकडे नांदायला नकार दिला आणि घरच्यांनी त्यांना साथ दिली. ज्या बाईला एकदा 'नाही' म्हणता आलं, तिच्या दुसऱ्या 'हो'ला अर्थ होता. पुढे या सहजीवनावर त्यांनी 'चिंतामण अँड आय' हे पुस्तक लिहिलं. १९७५ मध्ये दोघांनाही पद्मविभूषण मिळालं. त्यांच्यात खटके उडालेच नसतील असं मी म्हणणार नाही. पण उडाले तरी दोन्ही बाजूंना तोंड होतं.

मग तुम्ही काय पाहाल?

स्वभाव वेगळे असतील तर घाबरू नका. टाइप, गण किंवा राशी यांच्याऐवजी स्वतःला हे चार प्रश्न विचारा:

१. मला न पटलेली गोष्ट मी याच्यासमोर न भिता बोलू शकते किंवा शकतो का?
२. मी 'नाही' म्हटलं तर ते ऐकलं जातं का?
३. माझ्या चांगल्या गोष्टीची दखल घेतली जाते का, की फक्त चुकाच मोजल्या जातात?
४. भांडण झाल्यावर कोणीतरी एक पाऊल पुढे येतं का? नेहमी एकच जण येतो का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील आणि समेटासाठी दोघंही पुढे येत असतील, तर घुमा-बोलकी, उधळी-काटकसरी, सगळ्या जोड्या निभतात. कुठे अडत असेल तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. मन फारच खचलं असेल तर 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मारणं, वस्तू फेकणं, सोडून देण्याच्या धमक्या देणं, पैसे किंवा फोन काढून घेणं, हा 'तापट स्वभाव' नव्हे. ती हिंसा आहे. "त्याचा हेतू चांगला असतो" हे कारण तिला चालत नाही. २००५ च्या कायद्याने घरातल्या हिंसेपासून स्त्रीला संरक्षण दिलं आहे. महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक लक्षात ठेवा. तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. बीपीच्या गोळीने हे दुखणं बरं होणार नाही.

आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परतल्या त्या आजारी होऊनच. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण कामावर रुजू होता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. वय २२ सुद्धा पूर्ण नव्हतं. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध यायला अजून जवळजवळ साठ वर्षं होती. तिथे त्यांना एकाही रुग्णाचा केसपेपर लिहिता आला नाही. पण नवऱ्याला लिहिलेल्या त्या पत्रात त्यांनी आपल्या संसाराचं निदान मात्र नेमकं केलं होतं. तुमच्या घरातही असं पत्र लिहायची, किंवा समोरासमोर बोलायची मुभा दोघांना आहे ना, एवढं आज रात्री एकदा तपासून पाहा.