चाळीस गुंठ्यांचे शिपाई

नोव्हेंबर लागला की बँकेत पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. माझे वडील दर वर्षी त्या काचेवर अंगठा टेकवायचे आणि ते यंत्र दर वर्षी तो नाकारायचं. 'आम्ही वारलो, असं म्हणतंय,' असं म्हणून ते अंगठा धोतराला पुसून पुन्हा टेकवायचे.

त्या अंगठ्यामागची शंका जुनी आहे. ब्रिटिश लष्करात अलेक्झांडर टुलॉक नावाचा एक अधिकारी होता. हाडाचा आकडेमोड्या. तरुणपणी हिंदुस्थानात असताना कॅंटीनमधली मापं खोटी आहेत, अशी ओरड करून त्यानं वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतली होती. 1830 च्या दशकात त्याच्याकडे सैनिकांच्या आजार आणि मृत्यूंची आकडेवारी लावायचं काम आलं. त्यात एक गोष्ट त्याला खटकली. निवृत्त शिपाई मरत का नाहीत? इतर माणसं ज्या वयाला जातात त्या वयाला हे जात नव्हते. खोदून पाहिल्यावर उलगडा झाला. म्हातारा कधीच गेलेला असायचा आणि नातेवाईक त्याच्या नावानं पेन्शन उचलत असायचे.

टुलॉकनं सुचवलेला उपाय असा: पेन्शनरांना पुन्हा पलटणीसारखं बांधा, भागाभागावर लष्करी अधिकारी नेमा, आणि त्या अधिकाऱ्यानं माणूस समोर उभा पाहूनच पैसे द्यावेत. 1843 मध्ये कायदा झाला आणि पेन्शनरांची राखीव फळी उभी राहिली. गावात दंगा झाला तर तिला बोलावता येत होतं. चोरी पकडायला केलेली मोजदाद सरकारच्या हाती फुकटची फौज देऊन गेली. आणि फौज हाताशी आली की ती वापरायची जागा सरकारला सुचतेच.

पेन्शनर साम्राज्याच्या टोकाला नेऊन वसवायचा, ही कल्पना मात्र टुलॉकच्या आधीची. लंडनच्या चेल्सी रुग्णालयात (स्थापना 1682) लाल कोटातले थोडे म्हातारे राहत. बाकी हजारोंना बाहेरच्या बाहेर पेन्शन मिळे. तो खर्च डोईजड झाला तेव्हा 1830 च्या सुमारास सरकारनं हिशेब मांडला: चार वर्षांच्या पेन्शनइतकी रक्कम एकदम घ्या, पुढचा हक्क सोडा, कॅनडात जमीन घ्या. हजारोंनी अंगठे उठवले. बरेचसे पैसे बंदरावरच्या गुत्त्यांत गेले. उरलेली माणसं रानात पोहोचली, पण बंदूक धरलेल्या हातांना कुऱ्हाड पेलेना, आणि कॅनडाचा हिवाळा कोणाची सेवापुस्तिका बघत नाही. यांचे इतके हाल झाले की जे उरले त्यांना सरकारला पुन्हा मदत सुरू करावी लागली.

त्यातून सरकार शिकलं, पण सरकार शिकतं तसं. जमीन द्यायची, मात्र पेन्शन तोडायची नाही आणि माणूसही मोकळा सोडायचा नाही.

ही शिकवण कामाला आली न्यूझीलंडमध्ये. 1840 मध्ये इंग्रज आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांच्यात वैतांगीचा करार झाला आणि पाच वर्षांच्या आत उत्तरेत होने हेके या माओरी सरदारानं कोरोरारेकाचा इंग्रजी झेंड्याचा खांब पुन्हापुन्हा तोडला. लढाई पेटली. राजधानी ऑकलंड दक्षिणेकडून उघडी होती. गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांना फौज हवी होती, विलायतेला खर्च नको होता. वसाहतमंत्री अर्ल ग्रे (आडनाव एकच, नातं नाही) यांनी तोड काढली: 'रॉयल न्यूझीलंड फेन्सिबल्स'. 'फेन्सिबल' म्हणजे 'डिफेन्सिबल' या शब्दाचं तोंड गळून पडलेलं रूप. बचावाला योग्य माणूस. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये घरच्या रखवालीपुरत्या उभारलेल्या पलटणींना हे नाव होतं. मुलूख सोडून जायचं नाही, हीच त्यांची ओळख. आता तेच नाव घेऊन माणसं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघाली.

अटी साध्या होत्या. वय अठ्ठेचाळीसच्या आत, चालचलणूक चांगली, अंगानं धडधाकट. बायकामुलांसह प्रवास फुकट, पेन्शन चालू. तिथे दोन खोल्यांचं घर आणि एक एकर जमीन. त्याबदली वर्षाला बारा दिवस कवायत, दर रविवारी हत्यारासह चर्चची हजेरी, आणि बोलावणं आलं की धावून जायचं. अशी सात वर्षं काढली की घरजमीन मालकीची. मध्येच सोडलं तर गेली.

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चाळीस गुंठ्यांत बटाटे होतात, दोन डुकरं पोसता येतात, कुटुंब पोसत नाही. सरकारलाही ते ठाऊक असणार. पाच-पन्नास एकर दिले असते तर माणूस शेतकरी झाला असता आणि रानात दूर जाऊन राहिला असता. एका एकरानं तो गावात राहिला, मजुरीला बांधलेला राहिला, बिगुल ऐकू येईल इतक्या अंतरावर राहिला. वतन देताना ते पुरं पडणार नाही याची काळजी घ्यायची, ही त्या नियमातली खरी हुशारी.

1847 च्या ऑगस्टमध्ये 'रॅमिलीज' हे पहिलं जहाज लागलं. 1852 पर्यंत दहा जहाजं आली. सातशेवर शिपाई, बायकामुलं धरून अडीच हजार माणसं. जहाजांची नावं वाचताना आपण थबकतो: एक 'सर रॉबर्ट सेल', म्हणजे जलालाबादच्या वेढ्यातला सेनापती; एक 'बेऱ्हामपूर', म्हणजे बंगालची छावणी. यातल्या कितीतरी शिपायांची उमेदीची वर्षं हिंदुस्थानात आणि अफगाणिस्तानात गेली होती.

1849 मध्ये 'ओरिएंटल क्वीन'वरून फेन्सिबलांचा अधिकारी म्हणून थिओडोर हॉल्टेन आला. आपल्या दृष्टीनं हा माणूस महत्त्वाचा. 29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेवर चालून गेलेल्या इंग्रजी सैन्यात तो होता. जयाजीराव तेव्हा पोरवयाचे होते. दरबारातल्या भांडणाचं निमित्त करून कंपनीनं ग्वाल्हेरवर चाल केली होती. लढाईनंतर शिपायांना जी ताऱ्याच्या आकाराची पदकं वाटली ती शिंद्यांच्याच पकडलेल्या तोफा वितळवून केली होती. महाराजपूर ते ऑकलंड हा प्रवास सहा वर्षांचा.

माणसं आली तेव्हा घरं तयार नव्हती. कित्येकांनी सुरुवातीचे महिने राउपो नावाच्या पाणगवताच्या झोपड्यांत काढले. पुढे घरं उभी राहिली ती काउरी लाकडाच्या फळ्यांची. त्यातलं जोडघर पाहण्यासारखं असतं. दोन कुटुंबांच्या मध्ये एक विटांची चिमणी, तिच्या दोन अंगांना दोन चुली, दोन्हींचा धूर एकाच धुराड्यातून वर जाणारा. म्हणजे शेजारणीनं कधी चूल पेटवली आणि कधी नाही, हे भिंतीला हात लावून कळत असेल. काटकसर सरकारची, भिंत सामायिक गरिबांची.

गावं चार वसवली: ओनेहंगा, ओटाहुहू, पॅनम्युर आणि हॉविक. ओटाहुहूला दोन समुद्रांमधली जमीन इतकी चिंचोळी आहे की माओरी तिथून आपल्या होड्या ओढून पलीकडे नेत. शत्रू ज्या वाटेनं येईल त्या वाटेवर पेन्शनरांची घरं मांडली. हॉविक तर अर्ल ग्रे यांच्याच जुन्या किताबाचं नाव. ते ऑकलंडपासून इतकं लांब पडलं की मजुरीसाठी पुरुषांना आठवडाभर घर सोडून राहावं लागे. लढाईचा प्रसंग मात्र आलाच नाही. 1851 च्या एप्रिलमध्ये एका सरदाराच्या अपमानावरून न्गाती पाओआ जमातीचे लोक होड्या घेऊन ऑकलंडला उतरले, तेव्हा फेन्सिबलांना बोलावलं गेलं. गोळी न सुटता ते मिटलं.

आता ही जमीन आली कुठून, ते. 1836 मध्ये विल्यम फेअरबर्न या मिशनऱ्यानं या बाजूचा प्रचंड पट्टा माओरींकडून 'विकत' घेतला. बंदुकांच्या लढायांनी तो भाग ओस पडला होता, आणि भांडणाऱ्या जमातींच्या मधे एखादा पाद्री बसावा, असं सरदारांना वाटत होतं. कागदावर चाळीस हजार एकर. मोजणीत दुपटीच्या घरात निघाले. तिसरा हिस्सा माओरींना परत करीन, असं त्यानं लिहून दिलं होतं. पुढे सरकारनं नियम केला की 1840 पूर्वीचे असे सगळे सौदे तपासायचे आणि एका माणसाला 2,560 एकरांवर मान्यता द्यायची नाही. फेअरबर्नला तरी शेवटी साडेपाच हजारांच्या आसपास मिळाले. मग उरलेली जमीन कोणाची? आपल्या गावातला कोणीही म्हणेल, सौदा नामंजूर झाला तर जमीन मूळ धन्याची. नियमात तिला 'शिल्लक' म्हटलं आणि शिल्लक सरकारजमा केली. त्या शिल्लकीतून हॉविकचे चाळीस-चाळीस गुंठे मोजले गेले. शिपायाला याची गंधवार्ता नसेल. त्यानं सही केली ती सात वर्षांच्या चाकरीवर.

1849 मध्येच गव्हर्नर ग्रे यांनी असाच करार एका माओरी सरदाराशी केला. वायकाटो जमातीचा 'ते व्हेरोव्हेरो' आणि त्याची माणसं ऑकलंडच्या रक्षणासाठी मांगेरेला वसली. बदली सुमारे 480 एकर. नियम तोच, चाकरी तीच. 1858 मध्ये ते व्हेरोव्हेरो माओरींचा पहिला राजा झाला, 1860 मध्ये वारला. 9 जुलै 1863 ला त्याच गव्हर्नर ग्रे यांनी मांगेरेच्या लोकांना हुकूम धाडला: राणीच्या निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर दक्षिणेला चालते व्हा. बहुतेक जण पिकं उभी सोडून गेले. मागे घरं लुटली गेली, जमीन जप्त झाली.

मग लढाई झाली. दक्षिणेच्या वायकाटो मुलखात सरकारनं बारा लाख एकर जप्त केले आणि नवे शिपाई भरती केले. शिपायाला 50 एकर, कॅप्टनला 300. चाळीस गुंठ्यांचा हात आता सैल झाला होता, कारण जमीन दुसऱ्याची होती. दुसऱ्या वायकाटो पलटणीचा प्रमुख तोच हॉल्टेन, महाराजपूरचा. 1865 मध्ये तो देशाचा संरक्षणमंत्री झाला.

हॉविकमध्ये फेन्सिबलांची घरं आज संग्रहालय करून जपली आहेत. शाळेच्या सहली जातात. मांगेरेला ते व्हेरोव्हेरोच्या माणसांनी काळ्या ज्वालामुखी दगडात बांधलेलं सेंट जेम्स चर्च उभं आहे. त्यांची घरं नाहीत.