शिलारसाचा वंशज

थर्मोकोलचा मूळपुरुष शिलारस आहे. १८३९ मध्ये बर्लिनचे औषधविक्रेते एदुआर्द सिमोन यांनी या सुगंधी चिकाच्या ऊर्ध्वपातनातून एक तेल काढले आणि त्याला स्टायरॉल हे नाव दिले. ठेवल्या ठेवल्या ते घट्ट झाले. सिमोन यांनी दोष ऑक्सिजनला दिला. १८४५ मध्ये ब्लिथ आणि हॉफमन यांनी ऑक्सिजनवाचूनही तेच घडते हे दाखवले. तेच पॉलिस्टायरीन. कोणी म्हणेल, स्टायरॉलच्या नावातला स्टायरॅक्स तर ऊद देणाऱ्या झाडांची प्रजाती, मग पूर्वज ऊद का नको? पण सिमोन यांनी वापरला तो पातळ स्टोरॅक्स, म्हणजेच शिलारस, आणि तो येतो तुर्कस्तानातल्या लिक्विडअंबर झाडापासून. शिलारसाचे संस्कृत नाव ‘तुरुष्क’ त्याच दिशेला बोट दाखवते. माझ्या मते वाद इथेच मिटतो.

पुढे जर्मनीत बीएएसएफ कंपनीने त्याचे दाणे फुगवले आणि जवळजवळ ९८ टक्के हवा असलेला थर्मोकोल जन्मला. आता स्टायरीन खनिज तेलापासून बनते, मग शिलारसाचे नाते उरले कुठे, हा आक्षेप रास्त वाटतो. पण रेणू तोच आहे, आणि काय कशात विरघळते हे रेणू ठरवतो, त्याचे माहेर नव्हे. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते आणि त्यात थर्मोकोल विरघळतो. १९९० च्या दशकात जपानच्या सोनी कंपनीतील संशोधकांनी यावरच पुनर्वापराची पद्धत बसवली: द्रावण गाळायचे, तेल उडवून परत मिळवायचे, मागे पॉलिस्टायरीन उरते. पेट्रोलनेही ते विरघळते, हे खरे. पण पेट्रोलची वाफ साध्या तापमानालाही ठिणगीने पेट घेते, लिमोनीनला त्यासाठी ५० अंशांच्या आसपास तापावे लागते. बुलढाणा जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात तेही सावलीतच ठेवायला हवे.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्मोकोलची ताटे-पेले बंद केले, तरी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतून तो या जिल्ह्यातल्या खामगाव, मलकापूरला येतोच. भंगारवाला तो घेत नाही, कारण गाडीभर मालात हवाच हवा, वजन थोडेच. विरघळवला की ही अडचणच उरत नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. सालीचे तेल काढणे आणि थर्मोकोल विरघळवणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली करून पाहावीत, अशी या भागातल्या शेतकरी कंपन्यांना आणि नगरपालिकांना माझी विनंती आहे.