पिकलेले फळ आणि पिकलेले बी

वनमहोत्सव आला की मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आठवतो. १९८१ साल असावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी देशी झाडांच्या बिया गोळा करायच्या आणि जुलैत शाळेमागच्या मोकळ्या जागेत पेरायच्या, असा माझा उपक्रम. कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा ठरलेलाच. मुलांनी जांभळाच्या बिया धुऊन, गच्चीवर कडकडीत वाळवून डबाभर आणल्या. बहाव्याच्याही आणल्या. महिना गेला तरी एक कोंब नाही. मुले मधल्या सुट्टीत पाहून यायची आणि "बाई, अजून नाही" म्हणायची. मी पावसाला दोष दिला. दोष माझा होता, हे कळायला बरीच वर्षे गेली.

निवृत्तीनंतर सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' वाचनात आला. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात, आणि तिचे नलिनी साधले यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्यात बी घ्यायचे ते आपल्या ऋतूत आपोआप पिकून सुकलेल्या फळाचे, असे सांगितले आहे. मग त्यावर दूध शिंपडायचे, वाळवायचे, वावडिंगाची धुरी द्यायची वगैरे. दुधाचे आणि धुरीचे राहू द्या. मला 'आपोआप पिकलेल्या' ही अट मोलाची वाटली. अढीत घातलेल्या फळाला रंग येतो, गोडी येते, पण देठ तुटला त्या दिवशीच आतल्या बीचे झाडाकडून होणारे पोषण थांबलेले असते. फळ पिकले म्हणजे बी पिकलेच, असे नाही.

आपल्या पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होते. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे प्रमुख. हेच पुढे, १८४७ साली, मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि डाल्झेल यांच्याबरोबर त्यांनी 'बॉम्बे फ्लोरा' लिहिला (१८६१). पण असे ग्रंथ झाड ओळखायला शिकवतात, रुजवायला नाही. ते काम आर. एस. ट्रूप यांनी केले. डेहराडूनला वन संशोधनात वर्षे घालवलेल्या या माणसाचे भारतीय वृक्षांवरचे तीन खंड १९२१ साली निघाले. फळ कधी पिकते, बी किती काळ जिवंत राहते, हे त्यांनी झाडागणिक नोंदवले आहे. म्हणजे माझ्या उपक्रमाच्या साठ वर्षे आधी हे छापलेले होते!

नंतर १९७३ मध्ये ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन गट पाडले. एक, वाळवल्या की जास्त टिकणाऱ्या. दुसरा, वाळवल्या की मरणाऱ्या. या दुसऱ्यांना त्यांनी नाव दिले 'रिकॅल्सिट्रंट', म्हणजे हेकट. (असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात दोन-तीन असतातच, आणि त्यांना उन्हात उभे करून काही साधत नाही.) जांभूळ, फणस, आंबा हे सारे हेकट. पूर्ण पिकलेले जांभूळ खावे आणि बी ओले असतानाच मातीत घालावे. आम्ही गच्चीवर बिया वाळवल्या नव्हत्या, मारल्या होत्या.

बहाव्याचे उलटे. त्या बिया जिवंतच होत्या, फक्त दार लावून बसल्या होत्या. शेंगावर्गातल्या अनेक झाडांचे बी अगदी शेवटी, पूर्ण वाळताना, पाणी आत न घेणारे कवच धरते. त्याच्या जरा आधी काढले तर लवकर रुजते. नाहीतर कवच घासावे किंवा गरम पाण्यात टाकावे. कडुलिंबाची तऱ्हा तिसरीच. हिरव्या लिंबोळीचे बी कच्चे, खाली पडून काळपट झालेलीत जीव कमी. पिवळी होऊ लागली की काढावी आणि लगेच पेरावी.

पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प इतके का माजले, याची कारणे अनेक असतील. पण त्याची फांदी खोचली तरी जगते आणि बीही सहज रुजते, हे एक नक्की. देशी झाडासाठी कुणीतरी योग्य त्या आठवड्यात झाडाखाली जाऊन उभे राहावे लागते, आणि तो आठवडा सरकारी कार्यक्रमाप्रमाणे येत नाही. जांभळे तर जुलैच्या आधीच संपत आलेली असतात.

मागच्या जूनमध्ये नातू जांभळे खात होता. मी बशी घेऊन समोर बसले. "आजी, उष्ट्या बिया कशाला?" म्हणाला. त्याच संध्याकाळी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत बारा बिया लावल्या. नऊ उगवल्या, आणि दोन पिशव्यांत एकाच बीतून दोन-दोन रोपे आली.