न घेतलेल्या कर्जाचा तगादा

न घेतलेल्या कर्जाचा तगादा : जे कर्ज आपण काढलेलेच नाही, किंवा काढून पूर्ण फेडले आहे, त्याच्या वसुलीसाठी बँक, वित्तकंपनी किंवा त्यांनी नेमलेला वसुली एजंट लावतो तो तगादा; तसेच लेखी हरकत घेऊन तो थांबवण्याची रीत. ही नोंद भारतातील परिस्थितीपुरती आहे.

असा तगादा अनेक वाटांनी येतो. आपण कुठेतरी दिलेल्या पॅनकार्डाच्या आणि आधारच्या झेरॉक्सवर दुसऱ्याच माणसाने मोबाइल ॲपवरून कर्ज उचललेले असते. बंद केलेल्या क्रेडिट कार्डावर वार्षिक शुल्क चढत राहते आणि त्यावर व्याज. शेवटचा हप्ता भरला जातो, पण बँकेच्या खात्यात त्याची नोंद होत नाही. नवा मोबाइल नंबर घ्यावा, तर तो पूर्वी एखाद्या थकबाकीदाराचा निघतो. मित्राने आपल्या अर्जात ‘संदर्भ’ म्हणून नाव दिले एवढ्यावरून एजंट दारात उभा राहतो. संदर्भ म्हणून नाव असणारा माणूस जामीनदार नसतो, आणि त्याच्यावर कर्जाची कोणतीही जबाबदारी येत नाही. जामीनदाराची गोष्ट वेगळी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे आपण कशावर सही केली होती, हे आधी तपासावे.

पैसे येणे आहेत असे जो म्हणतो, त्यानेच ते सिद्ध करायचे असतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०४ मध्ये पुराव्याचा हा भार दावा करणाऱ्यावर आहे. तगादा लागलेल्या माणसाला मात्र उलटेच वाटते : आपण देणे लागत नाही हे आपणच शाबीत करायचे, आणि तेही फोनवर, आवाज चढवणाऱ्या अनोळखी माणसापुढे. भल्या माणसाला अब्रूची भीती वाटते, आणि वसुलीचा सारा जोर त्या भीतीवरच चालतो.

हिशेब दाखवा, ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. कर्जरोख्यावर लिहिलेला आकडा प्रमाण न मानता व्यवहार मुळापासून तपासण्याचे काम त्याने न्यायालयावर सोपवले. अंगठा कुठे उमटवला हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. सावकारांसाठी आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. विनापरवाना सावकारी त्याखाली गुन्हा ठरते, आणि परवानाधारक सावकारालाही हिशेब ठेवून तो कर्जदाराला द्यावा लागतो.

बँकांवर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. एप्रिल २००८ च्या परिपत्रकाने एजंटाजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असणे आवश्यक केले, आणि एजन्सीचे नाव बँकेने आधी कर्जदाराला कळवावे असे सांगितले. त्याच परिपत्रकातील एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते : कर्जदाराची तक्रार प्रलंबित असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत बँकेने प्रकरण एजन्सीकडे पाठवू नये. अपवाद केवळ खोडसाळ तक्रारींचा. ऑगस्ट २०२२ मध्ये थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई झाली. धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक आणि मित्रांना त्रास हेही निषिद्ध ठरले. नियम मोडणाऱ्या एजंटाच्या वागण्याला बँकच जबाबदार असते. ‘तो आमचा माणूस नाही’ हे तिचे उत्तर चालत नाही.

हरकतीचे पहिले पाऊल म्हणजे फोनवर काहीही कबूल न करणे. बोलणाऱ्याचे नाव, एजन्सी, बँक आणि कर्जखाते क्रमांक विचारून लिहून घ्यावा. आधार क्रमांक, जन्मतारीख, ओटीपी यांपैकी काहीही सांगू नये. मग मूळ बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि पोहोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र पाठवावे. ‘हे कर्ज मी घेतलेले नाही’ हे पहिल्याच वाक्यात असावे. पुढे अर्जाची प्रत, सही केलेला करार, रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील आणि संपूर्ण खातेउतारा मागावा. पैसे नेमके कुठे गेले, या प्रश्नाने बनावट कर्ज बहुधा उघडे पडते. डिजिटल कर्जाची रक्कम काही ठरावीक अपवाद वगळता कर्जदाराच्याच बँकखात्यात जमा व्हायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२२ पासूनचा नियम आहे. कागदपत्रांचा गैरवापर झाला असेल तर १९३० या क्रमांकावर किंवा पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार नोंदवून तिची प्रत पत्राला जोडावी. न मागता पाठवलेल्या क्रेडिट कार्डाचे बिल आले, तर ते रद्द करून त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला देणे बँकेवर बंधनकारक आहे.

कटकट मिटवायला थोडे पैसे देऊन टाकावेत, असा सल्ला घरचेच देतात. तो धोक्याचा आहे. मुदत कायदा, १९६३ नुसार अशा दाव्याची मुदत साधारणपणे ३ वर्षे असते. मुदत संपण्याआधी लेखी कबुली दिली किंवा अंशतः रक्कम भरली, की ती नव्याने मोजली जाते. ‘सेटलमेंट’ तर त्याहून वाईट. न घेतलेले कर्ज तडजोडीने मिटवले, की पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा उमटतो, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेले की तोच शेरा आडवा येतो.

देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही पाहावेत, कारण चुकीचे खाते एकीकडे असते आणि दुसरीकडे नसते. हरकत कंपनीकडे किंवा बँकेकडे घेता येते. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक योजनेने ही सोय केली. धमक्या येत असतील तर लोकपालाची वाट न पाहता पोलिसांत जावे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ त्यासाठीच आहे.

वारसांचा प्रश्न वेगळा लिहिण्याजोगा आहे. वडील गेल्यावर तेराव्याच्या आत घरी फोन येतात, आणि बापाचे कर्ज मुलाने फेडायचे या संस्काराचा एजंट पुरेपूर फायदा घेतात. वारसाची जबाबदारी मात्र मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मुंबई इलाख्यात हे तत्त्व १८६६ च्या कायद्यानेच हिंदू वारसांना लागू केले होते. पुढे वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, या आधारावरची वसुलीही सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरती हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्याने बंद केली. काहीच मिळाले नसेल तर काहीच देणे नाही. मृत्यूचा दाखला जोडून हे बँकेला लेखी कळवावे, आणि कर्जाला विमा होता का, हेही त्याच पत्रात विचारावे.

अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने वसुली एजन्सीला पहिल्या संपर्कानंतर ५ दिवसांत कर्जाचा तपशील लेखी द्यावा लागतो. कर्जदाराने ३० दिवसांत लेखी हरकत घेतली, तर कर्जाची शहानिशा होऊन तिचा कागद त्याला पाठवला जाईपर्यंत वसुली थांबते. भारतात एजन्सीला थेट बांधणारा असा देशव्यापी कायदा नाही. जे आहे ते बँकांना उद्देशून आहे आणि ग्राहकाने बँकेमार्फतच मिळवायचे आहे. पहिल्या फोनआधी कर्जाचा लेखी हिशेब देण्याची सक्ती प्रत्येक वसुली एजन्सीवर व्हायला हवी, आणि ती संसदेच्या कायद्यानेच व्हायला हवी.